परळची प्रयोगशाळा आणि कोकणचा चाकरमानी : हाफकिन संस्थेची सव्वाशे वर्षे

मुंबईत परळ येथे उभ्या असलेल्या हाफकिन संस्थेस दिनांक १० ऑगस्ट २०२४ रोजी सव्वाशे वर्षे पूर्ण झाली. कर्ली नदीच्या काठी माडापोफळींत वसलेल्या आणि लक्ष्मीनारायणाचे प्राचीन देवालय व त्यालगतचा विस्तीर्ण तलाव यांमुळे पंचक्रोशीत ओळखल्या जाणाऱ्या वालावलसारख्या गावी बसून मुंबईतील एका सरकारी प्रयोगशाळेचा वृत्तान्त लिहिण्याचे प्रयोजन काय, अशी पृच्छा एखाद्या वाचकाने केली, तर ती अस्थानी म्हणता येणार नाही. तिचे उत्तर असे की, ही संस्था ज्या गिरणगावाच्या मध्यभागी उभी आहे, त्या गिरणगावाच्या चाळींतून आपल्या मुलखातील माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या. ज्या रोगाच्या निवारणार्थ ती स्थापन झाली, त्या रोगाच्या भयाने आपलाच चाकरमानी आगबोटीत बसून मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरांवर परतला होता. आणि आपल्या जांभ्याच्या सड्यांवर वावरणाऱ्या फुरश्यावरील उताऱ्याशीही पुढे याच संस्थेचे नाव जोडले गेले. तेव्हा हा इतिहास परका नव्हे.

संस्थेचे चरित्र बहुधा तिने निर्माण केलेल्या लशींच्या यादीने सांगितले जाते. ती यादी गौरवास्पद आहेच; परंतु तिच्या शेजारी दुसरा एक इतिहास चालत आलेला आहे, आणि तो म्हणजे लोकांनी त्या लशींविषयी काय समजून घेतले, कशास भ्याले आणि अखेर कशामुळे पुढे आले, याचा. या दोन इतिहासांची जेथे जेथे फारकत झाली, तेथे तेथे उत्तमातील उत्तम लसही पेटीत पडून राहिली, असे या सव्वाशे वर्षांचे दफ्तर चाळणाऱ्यास दिसून येते. म्हणून येथे दोन्ही एकत्र सांगावयाचे योजिले आहे.

पूर्वपीठिका

लसीकरणाशी मुंबई इलाख्याचा संबंध हाफकिन संस्थेहून सुमारे शंभर वर्षांनी जुना आहे. इंग्लंडात एडवर्ड जेन्नर याने १७९६ साली गोस्तनी देवीचा प्रयोग केला, आणि त्यानंतर सहाच वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईत देवी टोचण्यात आल्या. हिंदुस्थानातील यशस्वी लसीकरणाची पहिली नोंद ती हीच. ती लस बगदाद व बसरा या मार्गाने, एका बालकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर जिवंत ठेवीत, आणावी लागली होती. पुढे गावोगाव हिंडणारे सरकारी टोचणारे नेमले गेले. परंतु ज्या आजारास देवीचे आगमन मानून घरात शांतता पाळली जाई, कडुनिंबाचा पाला ठेवला जाई आणि रोग्याशीही अदबीने बोलले जाई, त्या आजारावर एका अनोळखी सरकारी माणसाने येऊन मुलाच्या दंडावर जखम करावी, हे आईबापांच्या गळी सहजासहजी उतरले नाही. देवी टोचून घेणे ही गोष्ट घरोघरच्या वहिवाटीत मुरण्यास अनेक पिढ्या लागल्या.

साथ आणि सक्ती

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या वैद्याने एका रोग्याची परीक्षा करून हा गाठीचा ताप, म्हणजेच प्लेग होय, असे निदान केले. डॉ. व्हिएगस हे मूळचे गोव्यातील हडफडे येथील. म्हणजे आपल्या शेजारच्याच मुलखातील. निदानाची शहानिशा करण्याकरिता सरकारने कलकत्त्याहून ज्या शास्त्रज्ञास पाचारण केले, ते वाल्डेमार हाफकिन. १८६० साली ओडेसा येथे एका यहुदी कुटुंबात जन्मलेले हाफकिन मेचनिकॉफ यांचे शिष्य होते आणि पॅरिस येथील पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवरील लस सिद्ध केलेली होती. १८९२ च्या जुलै महिन्यात तिचा पहिला प्रयोग त्यांनी स्वतःच्या देहावर केला, आणि १८९३ पासून ते हिंदुस्थानात पटकीची टोचणी करीत फिरत होते.

१८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईस येताच भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांस जी जागा मिळाली, ती म्हणजे एक खोली आणि तिला लागून असलेला व्हरांडा. मदतीस कारकून व शिपाई, तेही मोजकेच. मांसाच्या काढ्यात प्लेगचे जंतू वाढवावयाचे, ते उष्णतेने मारावयाचे आणि त्या मृत जंतूंचा अंश निरोगी माणसाच्या शरीरात सोडून त्या शरीरास खऱ्या शत्रूची ओळख आधीच करून द्यावयाची, अशी त्यांची योजना होती. येथे एक तपशील आपल्याकडील वाचकास विशेष रुचावा असा आहे : काढ्याच्या पृष्ठभागावर ते तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडीत, आणि त्या थेंबांना धरून जंतूंच्या वसाहती गुहेतील लोंबत्या चुनखडीप्रमाणे खाली उतरत जात. चंबू हलविला की त्या तळाशी जात आणि वर नव्या वाढू लागत. हिंदू व मुसलमान या दोघांच्याही आहारविषयक भावनांस धक्का लागू नये म्हणून काढ्यासाठी बकऱ्याचे मांस वापरण्याची दक्षताही त्यांनी घेतली. लोकांच्या मनाचा विचार लशीच्या बाटलीत शिरला, त्याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःस टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, आणि काही दिवसांनी ते कामावर रुजू झाले. त्यामागून महाविद्यालयातील काही शिक्षक व विद्यार्थी पुढे आले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली असता राजीखुशीने तयार झालेल्या कैद्यांस लस देण्यात आली, आणि टोचलेल्यांचा बचाव न टोचलेल्यांहून स्पष्टपणे अधिक झाला.

परंतु याच सुमारास सरकारचा दुसरा हात निराळेच काम करीत होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा जारी झाला. घरांची झडती, रोग्यास बळाने इस्पितळात नेणे, आप्तांस विलग छावणीत ठेवणे, स्टेशनांवर व बंदरांवर उतारूंची तपासणी, असे अधिकार अंमलदारांस मिळाले. तत्पूर्वीच, १८९६ च्या ऑक्टोबरअखेर, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला होता. मार्च १८९८ मध्ये एका स्त्रीच्या तपासणीवरून मदनपुऱ्यात दंगल उसळली. पुण्यात सोजिरांकडून झालेल्या झडत्यांनी लोकमत पेटले आणि त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँडसाहेबावरील प्राणघातक हल्ल्यात झाली. त्याच पुण्यात लोकमान्य टिळकांनी हिंदूंसाठी खासगी प्लेग रुग्णालय चालविले, आणि सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला, हेही विसरता येत नाही; कारण लोक औषधोपचारास विन्मुख होते असे नाही, तर ज्या हातांनी तो उपचार लादला जात होता त्या हातांवर त्यांचा भरवसा नव्हता.

अशा हवेत अफवांस पीक येते. इस्पितळात माणसांची मोमियाई, म्हणजे अंगातील औषधी तेल, काढतात, टोचण्याची सुई हातभर लांब असते, टोचताक्षणी माणूस मरतो, पुरुष नपुंसक व स्त्री वंध्या होते, अशा वार्ता शहरभर पसरल्या. लाखो लोकांनी मुंबई सोडली. त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, ज्यात आजचा सिंधुदुर्गाचा किनाराही समाविष्ट होता, गिरण्यांत गेलेला मजूरवर्ग फार मोठा होता. तो आगबोटींनी व पायवाटांनी घराकडे वळला. घरच्या माणसास घरात घ्यावे की वेशीवर थांबवावे, हा प्रश्न कोकणच्या गावांपुढे प्रथमच इतक्या तीव्रतेने तेव्हा उभा राहिला. मालवण-देवगड भागात आचरे, चिंदर, वायंगणी, मुणगे इत्यादी गावी देवाचा कौल घेऊन काही वर्षांनी सारा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर जाऊन राहतो. त्या गावपळणीची कारणे निरनिराळी सांगितली जात असली, तरी राहते घर काही काळ ओस ठेवून उघड्यावर राहण्याची रीत आपल्या लोकांस अपरिचित नव्हती, एवढे निश्चित. प्लेगच्या काळात उंदीर पडू लागताच गाव सोडून झोपड्यांत राहणे हा उपाय देशावर व कोकणात लोकांनी आपण होऊन पत्करला, आणि शास्त्राने पुढे त्यास पुष्टीच दिली.

परळचा वाडा

लशीची मागणी वाढली तशी जागा अपुरी पडू लागली. प्रयोगशाळेची बिऱ्हाडे बदलत गेली; काही काळ आगाखान यांच्या मालकीच्या खुश्रू लॉजमध्ये तिचा मुक्काम होता. याच आगाखानांनी, म्हणजे तिसरे आगाखान यांनी, आपल्या अनुयायांचे भय जावे म्हणून त्यांच्यासमक्ष स्वतः टोचून घेतले. हजार जाहीरनाम्यांनी जे साधले नसते ते या एका कृतीने त्या समाजात साधले.

अखेरीस परळ येथील जुने गव्हर्नर निवासस्थान सरकारने या कामी दिले, आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते तेथे प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्‌घाटन झाले. हा वाडा मुळात पोर्तुगीज अमदानीतील ख्रिस्ती मठ. पुढे इंग्रज गव्हर्नरांचे निवासस्थान. गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी १८८२ साली याच वाड्यात पटकीने निवर्तल्या, आणि त्यानंतर गव्हर्नरांनी आपले बिऱ्हाड मलबार पॉइंटला हलविले. ज्या वास्तूत पटकीने राज्यकर्त्याचे घर उजाड केले, त्याच वास्तूत पटकीवरील लशीचा जनक प्रयोगशाळा थाटून बसला, हा योगायोग इतिहासकाराने नमूद करण्याजोगा आहे. १९०६ साली संस्थेस मुंबई जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा असे नाव मिळाले, आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली.

उंढेरा आणि मुल्कोवाल

लोकांस समजेल असा पुरावा कसा असावा, याचा वस्तुपाठ १८९८ च्या फेब्रुवारीत बडोदे संस्थानातील उंढेरा या लहानशा गावी घडला. गावात प्लेग आधीच शिरलेला होता. हाफकिन व त्यांचे सहकारी यांनी घरोघरच्या माणसांची यादी केली आणि प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांस लस टोचली; म्हणजे टोचलेला व न टोचलेला एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचे जेवीत राहिला. काही आठवड्यांनी हिशेब घेतला, तेव्हा ज्या २८ कुटुंबांत रोग शिरला होता त्यांतील न टोचलेल्या ६४ माणसांपैकी २७ जणांस प्लेग झाला व २६ दगावले. टोचलेल्या ७१ पैकी ८ जणांस तो झाला व ३ मृत्यू पावले. लशीने रोगाचा पुरता बंदोबस्त केला असा दावा या आकड्यांत नाही. टोचूनही तिघे गेले, हे त्यांत स्वच्छ लिहिलेले आहे. पण ज्यास अंकगणित येते अशा कोणत्याही शेतकऱ्यास त्यांवरून आपला निर्णय करता आला असता. लशीचे गुण सांगताना तिच्या मर्यादाही सांगाव्यात, ही संस्थेच्या परंपरेतील मोलाची शिकवण येथे प्रथम दिसते.

या परंपरेची कसोटी चारच वर्षांनी लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ते सर्व एकाच बाटलीतून टोचलेले होते. दोष परळच्या प्रयोगशाळेचा की गावात बाटली उघडताना झालेल्या हयगयीचा, यावर दीर्घ चौकशी झाली. बाटली उघडण्यापूर्वी हाताळणाऱ्याचा चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे साक्षींतून पुढे आले. तरीही चौकशी मंडळाने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला, आणि हाफकिन यांस संस्थेचे दार सोडावे लागले. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडल्यावर १९०७ साली सरकारने त्यांस दोषमुक्त केले. ते पुन्हा हिंदुस्थानात आले, कलकत्त्यास १९१४ पर्यंत राहिले, परंतु परळला परतले नाहीत. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडात लोझान येथे त्यांचे देहावसान झाले.

मुल्कोवालचा प्रसंग संस्थेच्या गौरवग्रंथातून गाळावा असे कोणास वाटेल. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. आज प्रत्येक जिल्ह्यात लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनांची चौकशी करणारी समिती असते, लशीच्या प्रत्येक खेपेस क्रमांक असतो व तो नोंदवून ठेवला जातो, तो याचसाठी की दोष निघाल्यास तो कोणत्या बाटलीत व कोणाच्या हातून, हे शोधता यावे. चौकशीस जी संस्था भीत नाही, तिच्यावरच लोकांनी विसंबावे.

उंदीर, पिसू आणि चाळ

हाफकिन गेल्यावरही परळचे काम थांबले नाही. डॉ. बॅनरमन यांनी प्रयोगशाळेची धुरा वाहिली, आणि डॉ. ग्लेन लिस्टन यांनी प्लेग माणसास होतो कसा, या मूळ प्रश्नास हात घातला. फ्रेंच शास्त्रज्ञ सिमाँ याने १८९८ साली कराचीत उंदराच्या पिसूकडे बोट दाखविले होते. परंतु विद्वानांनी ते मनावर घेतले नव्हते. लिस्टन यांनी मुंबईत उंदीर पडलेल्या घरांत गिनिपिग सोडले आणि त्यांच्या अंगावर एरवी उंदरावर राहणाऱ्या पिसवा गोळा झालेल्या पाहिल्या. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळच्याच आवारात खास झोपड्या बांधून प्रयोग केले. जमिनीलगत ठेवलेल्या पिंजऱ्यातील प्राणी रोगास बळी पडत. पिसूच्या उडीच्या आवाक्याबाहेर टांगलेल्या पिंजऱ्यातील प्राणी त्याच हवेत श्वास घेऊनही वाचत. तेव्हा रोग हवेतून वा जमिनीतून वर येतो ही कल्पना मागे पडली. आधी उंदीर मरतात, त्यांच्या थंड पडलेल्या देहांवरून भुकेल्या पिसवा निघतात व मग माणसास गाठतात, ही साखळी सिद्ध झाली.

या शोधाचे सामाजिक मोल फार मोठे होते. तोपर्यंत सरकार माणसामागे लागले होते. आता उंदरामागे लागणे शक्य झाले. धान्य झाकून ठेवणे, मेलेला उंदीर हाताने न उचलणे, उंदीर पडताच घर सोडणे, या गोष्टी सांगणाऱ्यास कारण देता येऊ लागले, आणि कारण समजलेला मनुष्य सहसा विरोध करीत नाही. गाठीच्या तापाने त्या पाव शतकात हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्या साथीस ओहोटी लागण्यास लस, उंदीर-निर्मूलन आणि लोकांची समज या तिहींचा हातभार लागला. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी उंदीर पडू लागले व पुन्हा प्लेगचे नाव ऐकू आले, तेव्हा उंदीर पडणे ही धोक्याची सूचना होय हे ज्ञान जुन्या माणसांच्या स्मरणात शाबूत होते.

सोखी यांची कारकीर्द

१९३२ साली साहिबसिंग सोखी हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि स्वातंत्र्योत्तर काळाच्या उंबरठ्यापर्यंत त्यांनी संस्थेचे स्वरूप पालटून टाकले. मांसाच्या काढ्याऐवजी दुधातील प्रथिनांपासून केलेल्या द्रवात प्लेगचे जंतू वाढविण्याची रीत त्यांनी बसविली आणि लशीची ताकद उंदरांवर मोजून पाहण्याची पद्धत घालून दिली. त्यामुळे लशीचा दर्जा एकसारखा राहू लागला. देशास लागणारी औषधे देशातच व स्वस्त झाली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता.

याच कालखंडात व पुढे संस्थेचे नाव सामान्य माणसाच्या ओळखीचे झाले ते तीन कारणांनी. पहिले, पटकीची टोचणी : पंढरीच्या वारीस व मोठ्या जत्रांस जाणाऱ्यांस ती घ्यावी लागे, आणि वारकऱ्यांच्या पिढ्या दंड पुढे करून मग वाटेस लागल्या. दुसरे, पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील पोटात घ्यावयाची चौदा इंजेक्शने. त्यांच्या वेदनेची वर्णने गावोगाव होत, आणि त्या धास्तीने दंश लपविणारेही असत. सुदैवाने मज्जातंतूंपासून केलेली ती जुनी लस २००५ च्या सुमारास देशातून बाद झाली. आता दंडावर घ्यावयाच्या थोड्या इंजेक्शनांत काम भागते, ही गोष्ट अद्यापही ज्यांच्या कानी गेली नसेल त्यांस अवश्य सांगावी. तिसरे, सर्पदंशावरील प्रतिविष : नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषांवर चालणारे हे औषध घोड्यांच्या रक्तद्रवापासून तयार होते. ती लस नव्हे. लस शरीरास स्वतःचे शस्त्र घडविण्यास शिकविते, आणि प्रतिविष हे दुसऱ्याने घडविलेले शस्त्र आयत्या वेळी हाती देते. म्हणूनच लस रोगापूर्वी घ्यावयाची आणि प्रतिविष दंशानंतर, मांत्रिकाकडे वेळ न दवडता.

१९७५ साली संस्थेची दोन अंगे झाली. प्रशिक्षण, संशोधन व चाचणी यांचे काम मूळ संस्थेकडे राहिले. उत्पादनाकरिता हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ हे राज्य शासनाचे स्वतंत्र मंडळ झाले. या महामंडळातून पोलिओच्या तोंडावाटे द्यावयाच्या लशीचा मोठा पुरवठा झाला. देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम १९९५ साली सुरू झाली. देशातील शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे नोंदला गेला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. तत्पूर्वी १९७५ साली देवीचा रोग भारतातून आणि १९८० पर्यंत साऱ्या जगातून नाहीसा झालेला होता. हे दोन्ही विजय शास्त्रज्ञांचे तितकेच दारोदार फिरणाऱ्या टोचणाऱ्यांचे, परिचारिकांचे व अंगणवाडी सेविकांचे होत.

आपला जिल्हा

१ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा विचार या संदर्भात करता, आपल्याकडील रोगांचे स्वरूप तीन प्रकारचे दिसते. ज्यांवर खात्रीची लस आहे, असे गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ हे रोग पहिल्या वर्गात येतात. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहणाऱ्यास उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टो हा दुसऱ्या वर्गातला. त्यावर आपल्याकडे माणसासाठी लस वापरात नाही, तेव्हा पायावरील जखम झाकणे, आरोग्य सेवकाने दिलेल्या प्रतिबंधक गोळ्या घेणे आणि ताप आल्यास तो अंगावर न काढणे, हाच उपाय. तिसरा माकडताप : १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या रानात ओळखला गेलेला हा रोग २०१६ साली आपल्या दोडामार्ग तालुक्यात साथरूपाने प्रकटला. तो गोचिडीतून पसरतो. त्यावर पूर्वी दिली जाणारी लस पुरेशी गुणकारी नाही असे आढळल्यावर तिचा वापर थांबविण्यात आला, आणि नव्या लशीसाठी संशोधन चालू झाले. शास्त्राने आपली लस आपणच मागे घेतली, यात लशींविषयी शंका घेण्याचे कारण नसून विश्वास ठेवण्याचेच कारण आहे. कारण जी पारख निरुपयोगी लस बाद करते, तीच उपयोगी लशीस मान्यता देते.

लस गावापर्यंत येण्याचा मार्गही समजून घेण्यासारखा आहे. कारखान्यापासून आरोग्य केंद्रापर्यंत व तेथून वाडीपर्यंत बहुतेक लशी दोन ते आठ अंश उष्णतामानात ठेवाव्या लागतात. पावसाळ्यात विजेचा भरवसा नसता, साकवावरून वा होडीतून बर्फाची पेटी खांद्यास लावून सिस्टर व आशाताई ठरल्या वारी ठरल्या ठिकाणी हजर असतात. ती पेटी विनाकारण परत गेली, तर त्या लशीमागचे सव्वाशे वर्षांचे श्रम त्या दिवसापुरते फुकट जातात.

२०२० साली करोनाच्या साथीत गणेशोत्सवाकरिता येणाऱ्या चाकरमान्यांस विलगीकरणात राहावे लागले, तेव्हा १८९७ चे सारे प्रश्न नव्या वेषात परत उभे राहिले. घरचे मनुष्य शाळेच्या खोलीत, आणि घरातील वृद्ध त्यास दुरून डबा पाठवीत आहेत, असे चित्र गावोगाव होते. काही ठिकाणी कटुता आली. जेथे कारण नीट सांगितले गेले तेथे ती कमी आली. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले, आणि सुई बदलली असली तरी अफवांचा साचा तोच आहे, हे त्या वेळी दिसून आले : वंध्यत्वाची भीती १८९७ सालीही होती, आणि ती १२४ वर्षांनी भ्रमणध्वनीवरून पुन्हा घरोघर पोहोचली. २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी भागात गोवराने बालके दगावली. तेथेही अनेकांची लस राहून गेलेली होती.

एका घराने लस चुकविली तर त्यात गावाचे काय जाते, असे विचारणारे आजही भेटतात. कर्लीच्या खाडीकाठी खाजणे राखणाऱ्यांस याचे उत्तर ठाऊक आहे : बांध आपल्या वाट्याच्या कुणग्यापुरता नसतो, एका ठिकाणी तो फुटला की भरतीचे खारे पाणी साऱ्या शेतात शिरते. गोवरासारखा अतिशय सांसर्गिक रोग रोखण्यास शेकडा पंचाण्णवच्या आसपास बालके सुरक्षित व्हावी लागतात, आणि ज्यांचे वय वा आजार लस घेऊ देत नाही अशी तान्ही बाळे व दुबळे रुग्ण उरलेल्यांच्या आडोशानेच वाचतात.

उपसंहार

परळच्या वाड्यात सव्वाशे वर्षे चाललेल्या उद्योगाचा निष्कर्ष या लेखापुरता असा की, ज्या काळात सरकारने झडतीचा मार्ग धरला त्या काळात लोकांनी रोगी लपविले, आणि जेथे कोणी स्वतः दंड पुढे करून, आकडे उघड करून व प्रश्नांस उत्तरे देऊन बोलले, तेथे लोक आपण होऊन आले. कायद्यास आपले स्थान आहे. परंतु समजावणीची जागा त्यास घेता येत नाही, आणि समजावणी ही केवळ सरकारी खात्याची नोकरी नव्हे. शिक्षक, देवस्थानचे मानकरी, वाचनालयाचे चालक, भजनी मंडळे, बचत गटांतील भगिनी आणि सुट्टीस गावी येणारे चाकरमानी, या सर्वांच्या शब्दास गावात वजन आहे.

म्हणून वालावलच्या व परिसरातील वाचकांस विनंती ही की, घरातील प्रत्येक बालकाचे लसीकरण पत्रक आजच काढून पाहावे, राहिलेली मात्रा येत्या लसीकरणाच्या दिवशी पुरी करून घ्यावी, शंका असल्यास ती संकोच न करता सिस्टरांस व वैद्यकीय अधिकाऱ्यांस विचारावी, आणि ज्या वार्तेचा उगम सांगता येत नाही ती पुढे पाठवू नये. मुंबईस जाणे झाल्यास परळला, आचार्य दोंदे मार्गावर, तो वाडा अद्याप उभा आहे. मुलांस तो एकदा अवश्य दाखवावा आणि या गोष्टी तेथे सांगाव्यात.